बाराचा सेट

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

अ‍ॅप उघडलं एकदाचं. दोन दिवस नुसतं चाक फिरत होतं आणि खाली लिहिलेलं – 'आम्ही लवकरच परत येत आहोत'. कुठे गेला होतात ते सांगा ना आधी! दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आज सकाळी उघडलं, सगळं जागच्या जागी. तौफिक म्हणाला, "आलं ना परत? मग विषय संपला."

नवऱ्यांचे विषय फार लवकर संपतात. पाच वर्षं मी बोनस आला की थोडे थोडे बिटकॉइन घेत आले. अख्खा एकही नाही झाला, तुकडाच आहे. पण त्या तुकड्यात अम्मींचं घर आहे. अम्मी म्हणजे तौफिकच्या आई, नूरबानू. दोन्ही गुडघे गेलेले. आम्ही वाघोलीत सहाव्या मजल्यावर भाड्याने, आणि आमच्या लिफ्टला महिन्यातून चार दिवस तरी रजा लागते. त्या दिवशी अम्मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, खालच्या लोकांना नावं ठेवतात आणि मग हळूच म्हणतात, "खाली किती बरं आहे." मी ठरवलंय – तळमजल्यावरचं घर. दार उघडलं की जमीन. अम्मींना सांगितलेलं नाही. त्यांना सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत बी विंगला कळते.

तर पैसे त्या अ‍ॅपमधून काढायचे. आपल्याकडे ठेवायचे, इंटरनेटपासून लांब. ठरलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र आलं. पेनड्राइव्हएवढं. तौफिकने कानाशी धरून हलवून बघितलं. "यात आहेत पैसे?"

यात पैसे नाहीत, किल्ली आहे. हे दोनदा सांगितलं. यंत्र हरवलं, बिघडलं तरी हरकत नाही, कारण पहिल्यांदा सुरू केलं की ते बारा इंग्रजी शब्द दाखवतं. साधे, शाळेतले शब्द. तेच बारा, त्याच क्रमाने, दुसऱ्या यंत्रात टाकले की पैसे पुन्हा हजर. शब्द गेले – पैसे गेले. शब्द दुसऱ्याला मिळाले – पैसे त्याचे. बँक नाही, मॅनेजर नाही, 'पासवर्ड विसरलात का?' नाही. तौफिक कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तरी म्हणाला, "आणि हे आधीपेक्षा सेफ?"

हो. फक्त शब्द नीट ठेवायचे. पैसे आजच हलवले. शब्द इथे लिहिणार नाही. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कशावरच विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

ठेवायचे कुठे? फोटो काढायचा नाही, मेलवर नाही, मोबाइलमध्ये नाही. कागद? गेल्या पावसात कपाटामागची भिंत गळली आणि आमचा निकाहनामा फुगून पापड झाला. तौफिक तेव्हा म्हणाला होता, "म्हणजे मी सुटलो का?"

तज्ज्ञ लोक सांगतात, स्टीलच्या पट्टीवर कोरा. आगीत जळत नाही, पाण्यात भिजत नाही. पट्टी परदेशातून मागवायची. किंमत बघून पान बंद केलं. पत्रा आहे नुसता!

दुपारी भांडी लावताना ते मोठं पातेलं हातात आलं. काठावर कोरलंय – 'चि. सौ. कां. सुलभा हिस मावशीकडून'. सुलभा कोण? मला माहीत नाही. अम्मींना माहीत नाही. तौफिकच्या जन्माआधीपासून सुलभाच्या पातेल्यात आमची बिर्याणी होते आणि आजपर्यंत एकाही पाहुण्याने विचारलं नाही की ही कोण. भांड्यावर नाव असतंच. कोणाचंही असतं. कोणी वाचत नाही.

स्टील. कोरलेलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि कोणी वाचत नाही!

ओट्यापाशी एकटीच हसत होते. अम्मी म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना, बेटा?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

रविवार पेठेत जाऊन बारा डब्यांचा सेट आणला. एकात एक बसणारे. यातच तर खरी हुशारी आहे – सगळ्यात लहान डबा पहिला शब्द, सगळ्यात मोठा बारावा. आकडे टाकायचीच गरज नाही. शब्द मराठी अक्षरांत, म्हणजे कोणाला संशय नको. आणि निम्मी नावं एका दुकानात, निम्मी चार दुकानं सोडून दुसऱ्या दुकानात. कोणा एकाला बाराच्या बारा कळता कामा नयेत. घरी येऊन शब्दांची चिठ्ठीही जाळली. माझी मीच पाठ थोपटली.

पहिल्या दुकानात नाव टाकायच्या मशीनवर बाळकाका म्हणून एक गृहस्थ होते. बनियन, चष्मा दोरीला.

"नाव?"

"हजबंड."

चष्म्यावरून बघितलं. "त्यांना नाव नाही?"

"नुसतं हजबंड टाका."

टर्रर्र. पुढचा डबा. "नाव?"

"पॅनिक."

"हे सासरचं का माहेरचं?"

मी डबा पुढे सरकवला. टर्रर्र. "पुढचं?"

"अंकल."

"कोणाचे?"

"कोणाचे नाहीत. नुसते अंकल."

"हं. असतात असे एकेक घरात." टर्रर्र. सगळं झाल्यावर म्हणाले, "खाली 'यांजकडून सप्रेम भेट' टाकू का? त्याचे वेगळे घेत नाही."

"नको."

"मग कोणी दिलं ते कळणार कसं?"

"कळायला नकोय."

"पुण्यात नवीन दिसता."

"चार पिढ्या गंज पेठेत गेल्या आमच्या."

"मग वागा की तसं," म्हणाले आणि मशीन बंद केलं.

(तीन शब्द लिहून बसले की मी इथे! खोडले तर खोडलेत म्हणूनच महत्त्वाचे वाटतील. राहू देत. बारापैकी तीनच आहेत.)

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. डबे मांडणीवर ओळीने लावलेत, लहान ते मोठा. अम्मींना फार आवडले. हात फिरवून बघितले, वाचले. वाचले! मी धरूनच चालले होते की वाचणार नाहीत. पण त्या साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिकल्यात, दुकानाच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचतात.

"हा 'राइस' एवढासाच का गं? ह्यात तीन वाट्या मावतील."

"असू द्या अम्मी, नुसतं नाव आहे."

"नाव आहे तर मग तांदूळच नको का ठेवायला?"

तीन वाट्या तांदूळ 'राइस'मध्ये. उरलेले पिंपात. दर दोन दिवसांनी पिंपातून काढून 'राइस'मध्ये भरतात, त्यातून काढून शिजवतात. डबा जागेवर आहे ना? झालं तर मग.

९ मार्च, रविवार

'पॅनिक'मध्ये काय ठेवायचं, अम्मींनी विचारलं. म्हटलं, ठेवा काहीही. त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या ठेवल्या.

३० मार्च, रविवार

पाडवा आज आणि ईद उद्या. सोसायटीत जिन्यावर नुसती वर्दळ. शेजारच्या वेणूकाकूंकडून पुरणपोळ्या आल्या, डबा भरून, वर तुपाची वाटी वेगळी. वेणूकाकू यवतमाळकडच्या, दारव्ह्याच्या. मुलगा माऊली खराडीतच कुठेतरी कामाला, म्हणून इथे. अम्मींचं आणि त्यांचं मेतकूट असं की लिफ्ट बंद असली की दोघी दारं उघडी टाकून आपापल्या उंबऱ्यावर बसतात आणि मधल्या पॅसेजमध्ये गप्पा मारतात. डब्याला डबा चालूच असतो. कोणी कोणाला रिकामा डबा परत देत नाही, त्यामुळे हिशेब कधीच मिटत नाही.

चंद्र दिसला. मेंदी राहिली.

३१ मार्च, सोमवार

ईद मुबारक. सकाळपासून दार बंद झालं नाही. पाय गेले माझे. शीरखुर्मा संपला, पुन्हा केला, पुन्हा संपला. अम्मी डबे भरून देत होत्या, मी भांडी विसळत होते. छान झाली ईद.

१ एप्रिल, मंगळवार

रजा टाकलीय. क्रमाने लिहिते.

मी ऑफिसात दर सोमवारी सगळ्यांना ऐकवते – बॅकअपवरून एकदा परत उभं करून बघितलं नसेल तर तो बॅकअप नव्हे. म्हणून आज घरी तालीम ठरवली. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय की पिन लागोपाठ चुकला तर यंत्र स्वतःला पुसून टाकतं. खरंच पुसतं का? कंपन्या काय वाटेल ते लिहितात. टेस्टरला राहवत नाही.

मुद्दाम चुकीचा पिन टाकत गेले.

खरंच पुसतं.

छान, म्हटलं. आता शब्द टाकू. स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर डबे – सात.

पुन्हा मोजले. सात.

"अम्मी, बाकीचे पाच कुठे गेले?"

अम्मी वाटाणे सोलत होत्या. शांतपणे एकेक सांगत गेल्या. एक तौफिक नेतो जेवणाचा, रोजे संपले ना. "त्याच्यावर 'हजबंड' लिहिलंय, मी म्हटलं तूच त्याच्यासाठी घेतलायस. किती प्रेमाने." एक कोंडीरामला दिला शीरखुर्मा घालून. कोंडीराम आमचा वॉचमन. अख्खी सोसायटी त्याला अंकल म्हणते. "त्यावर 'अंकल' होतं की." आणि तीन वेणूकडे. "एकावर 'गिफ्ट' लिहिलं होतं. ईदला गिफ्ट नाही द्यायचं तर काय करायचं?"

"आणि बाकीच्या दोनांवर?"

"होतं कायतरी. त्याला काही अर्थ नव्हता."

अर्थ नव्हता! ज्या शब्दांना अर्थ होता ते अम्मींच्या तोंडून कळले. उरले ते दोन. मी शब्द लक्षात ठेवायचेच नाहीत असं ठरवलं होतं आणि तेवढं मात्र मला चोख जमलंय. एक शब्द कमी असता तर यादीतले दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द एकेक टाकून बघितले असते. दोन कमी म्हणजे चाळीस लाखांच्या वर जोड्या. शिवाय डबेच नाहीत तर कुठला शब्द कितवा, तेही गेलं.

तौफिकला फोन केला. सांगितलं सगळं. तो हसला. "एप्रिल फूल ना?" म्हणाला आणि लेक्चरला गेला.

वेणूकाकूंच्या दाराला कुलूप. पहाटेच्या गाडीने दारव्ह्याला गेल्या, भाच्याच्या साखरपुड्याला. खाऊ नेलाय डब्यांतून, म्हणे. कुठल्या डब्यांतून? अम्मींना माहीत नाही.

अम्मी आत्ता गॅलरीत बसल्यात. लिफ्ट बंद आहे. मला रडू येतंय आणि त्यांना कारण सांगता येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

कोंडीरामच्या केबिनमध्ये गेले. डबा टेबलावर, त्यात सोसायटीच्या गच्चीच्या आणि मीटर रूमच्या किल्ल्या. मी म्हटलं, अंकल, हा डबा परत हवा होता, चुकून आला.

"चुकून कसा, ताई? माजं नाव हाय त्याच्यावर."

"नाव तुमचं नाही, ते असंच…"

"असंच कोण कोरतंय व्हय? तीस वर्सं वॉचमनकी केली. पैल्यांदा कुणी नावाचा डबा दिला." असं म्हणून त्याने डबा छातीशी धरला.

शेवटी सौदा झाला. याच्यापेक्षा मोठा डबा, झाकणाला कडी असलेला, आणि त्यावर नाव.

३ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून परस्पर रविवार पेठ. बाळकाका.

"नाव?"

"अंकल."

मशीन थांबलं. "आणखी एक?"

"हो."

"मोठं कुटुंब आहे," म्हणाले.

'अंकल' परत आला. पाचव्या आणि सातव्या डब्यांच्या मध्ये अगदी बरोबर बसला. आवाजसुद्धा गोड आला. म्हणजे सहावा शब्द.

४ एप्रिल, शुक्रवार

तौफिक 'हजबंड' आणायला चार दिवस विसरतोय. आज खोदून विचारलं तेव्हा कळलं, डबा फिजिक्सच्या लॅबमध्ये आहे. कॅलरीमीटरची भांडी कमी पडली म्हणून त्याने जेवणाचा डबा प्रॅक्टिकलला लावला. "पातळ पत्रा आहे, रीडिंग सुंदर येतंय." पहिल्या वर्षाची पोरं हजबंड तापवतायत आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजतायत. ते मलाच विचारायचं होतं की.

संध्याकाळी आणला एकदाचा. बुडाला काळा, पण नाव शाबूत. म्हणजे आठवा शब्द.

५ एप्रिल, शनिवार

आता जे लिहितेय ते गंभीर आहे.

माऊली घरी आला. वेणूकाकूंचा मुलगा. एरवी हा मुलगा मान वर करून बघत नाही, हेडफोन लावून जातो-येतो. आज म्हणे, "अम्मी, पाणी मिळेल का?" शेजारी स्वतःच्या घरात नळ आहे! अम्मींनी बसवलं. मी बाहेर आले तर हा स्वयंपाकघरात, मांडणीसमोर उभा. 'पॅनिक' हातात. उलटा करून बघत होता. मला बघून दचकला.

"छान आहेत डबे, भाभी. कुठून घेतले?"

"भांड्यांच्या दुकानातून."

"नावं… इंटरेस्टिंग आहेत."

सोसायटीत कोणाला कळणार नाही, पण याला कळणार. खराडीचा आहे. असल्या बारा शब्दांची यादी याला माहीत नसेल? त्यात याच्या आईकडे आमचे तीन डबे. नऊ याने आज डोळ्यांनी बघितले. नऊ आणि तीन – बारा.

तौफिकला सांगितलं. तो म्हणाला, "तुला माणसांतही बग दिसतात."

६ एप्रिल, रविवार

माऊली पुन्हा. या वेळी कोथिंबीर हवी होती. एकट्या पोराला कोथिंबीर कशाला लागते? फ्रीज अम्मींनी उघडला, आणि याची मान फ्रीजच्या आत.

तो गेल्यावर नऊच्या नऊ डबे उचलून माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं. अम्मी बघत राहिल्या. "बेटा, त्यात तूरडाळ आहे."

"असू दे."

"आणि माझ्या गोळ्या?"

गोळ्या काढून दिल्या.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात माझ्या दुपट्ट्याला जिऱ्याचा वास येतो, असं प्रियदर्शनी म्हणाली. शेजारी बसते ती.

१० एप्रिल, गुरुवार

माऊली जिन्यात भेटला. "भाभी, किचनमधले डबे दिसले नाहीत परवा." म्हणजे तो परवाही येऊन गेला, मी नसताना! अम्मींनी त्याला चहा दिला, वर साबुदाण्याची खिचडी. मी म्हटलं, डबे पॉलिशला दिलेत. त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. "सगळे?" म्हणाला. एखाद्याचा दुसऱ्याच्या डब्यांवर इतका जीव? चोर आहे. आता मला शंका नाही. वाईट याचं वाटतं की वेणूकाकू इतक्या चांगल्या आणि पोरगा असा निघावा.

अम्मींचा आज गुडघा सुजलाय. खाली डॉक्टरकडे न्यायचं तर सहा मजले. मी आणि तौफिकने खुर्चीत बसवून उतरवलं. चौथ्या मजल्यावर टेकलो तेव्हा अम्मी म्हणाल्या, "मला वर नेऊच नका आता, इथेच राहते कोणाकडे तरी." हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. घर माझ्या हातात आलं होतं आणि मी ते गंमत म्हणून पुसून टाकलं.

१२ एप्रिल, शनिवार

वेणूकाकू आल्या! मी त्यांच्या बॅगेच्या आधी पॅसेजमध्ये.

"काहून वं पोरी, तोंड काहून उतरलं तुहं?"

"काकू, आमचे डबे…"

"आणले ना बाप्पा. रिकामे कसे देऊ म्हणून मुंगवड्या भरल्या." दोन डबे काढून हातात दिले. दोन.

"आणि तिसरा?"

"तो साखरपुड्यात देला, पोरीकडच्याईले. त्याच्यावर 'गिफ्ट' लिहेल होतं ना. मले वाटलं, बरं झालं, आयता आहेर झाला."

म्हणजे 'गिफ्ट' आता दारव्ह्याच्या पलीकडे कोणाच्या तरी फडताळात पोचला. अम्मी आणि वेणूकाकू सख्ख्या बहिणी शोभतील.

पण मला 'गिफ्ट' नकोच आहे. शब्द माहीत आहे! हे दोन हवे होते. मुंगवड्या ताटात ओतल्या, डबे रांगेत लावले. अकरा डबे आणि एक रिकामी जागा – चौथी. ती 'गिफ्ट'ची. मी वेणूकाकूंना तिथेच मिठी मारली. त्या म्हणाल्या, "मुंगवड्या एवढ्या आवडत असतीन तर अजून देतो."

१३ एप्रिल, रविवार

दार लावलं. बारा शब्द टाकले.

'शब्द चुकीचे आहेत.'

पुन्हा टाकले. चुकीचे. तौफिक शेजारी बसला होता, आज पहिल्यांदाच चेष्टा न करता. त्याने एक डबा उचलला, वाचला. "हे 'पेअर' म्हणजे कुठलं? फळ की जोडी?"

मराठीत दोन्ही 'पेअर'! आणि शब्दांच्या यादीत दोन्ही आहेत. मी जोडी टाकली होती. फळ टाकलं.

उघडलं.

सगळं होतं. एक दाणा हललेला नाही. मी तौफिकच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तो म्हणाला, "आधी जोडीच सुचली तुला, हे चांगलंच आहे."

मग थांबले नाही. माऊलीने बघितलेल्या शब्दांवर एक मिनिट जास्त पैसे ठेवायचे नाहीत. त्याच बैठकीत नवीन बारा शब्द काढले, पैसे तिकडे हलवले. नवीन शब्द कुठे ठेवले ते इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की त्यात काही शिजवता येत नाही. डबे आता नुसते डबे. मांडणीवर परत लावले. ये म्हणावं आता, किती कोथिंबीर हवी तेवढी ने.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. अम्मींना सगळं सांगितलं. घर, पैसे, शब्द, डबे. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी माझंच घर वाटत बसले होते?"

"तुम्हाला काय माहीत?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुमच्या पोटात राहत नाही, अम्मी."

"हे राहील." डोळ्यांना पदर लावला. "दारात मोगरा लावू. एकच. डास होतात."

दुपारचा चहा गाळत होते तर वेणूकाकू दारात. "तळमजल्यावर जाऊन राहिल्या म्हणे तुम्ही? मंग शेजारचंही पाहा एखादं आमच्यासाठी."

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी सिलिंडरमागे एक डबा सापडला. अम्मींनी तौफिकपासून लपवून अक्रोड ठेवले होते. "पाडव्याला वेणूच्या पुरणपोळ्या आल्या ना, तो. वर 'वॉलनट' लिहिलेलं दिसलं, म्हटलं अक्रोडच ठेवावेत." वॉलनट. माझ्या बारात हा शब्द नव्हताच, पण त्या दोन हजार अठ्ठेचाळीसांच्या यादीत आहे. नुकतंच कोरलेलं. नाव नाही, गाव नाही, 'सप्रेम भेट' नाही.

डबा घेऊन मी शेजारची बेल वाजवली. माऊलीने दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याने आधी डबा बघितला, मग मला.

"बाकीचे अकरा आहेत ना?" मी विचारलं.

तो उंबऱ्यावरच खाली बसला.